कोरांतीनची कोरीन

चेहरे तिच्याकडे दोनच होते. एक मिटलेल्या ओठांचा, दुसरा किंचित उघड्या ओठांचा. एवढ्या भांडवलावर कोरीन द मेर्वालने बेचाळीस सिनेमे केले. त्यांतल्या वीसेक सिनेमांत तिचे कपडे मी सांभाळले. हुक लावले, शिवणी उसवल्या, पुन्हा घातल्या, आणि दुःखाचा प्रसंग आला की तिच्या डोळ्यांत ग्लिसरीनचे थेंब सोडले. स्वतःहून रडायला तिला कधी जमलं नाही. लोक मात्र थिएटरात हमसून हमसून रडायचे. लोकांच्या अकलेबद्दल माझं मत तेव्हापासून जे बनलं ते बनलं.

'द मेर्वाल' हे खानदानी आडनाव तिने कुठल्याशा स्टेशनच्या पाटीवरून उचललेलं. खरं नाव कोरांतीन केमेनेर. पॅरिसपासून लांब, समुद्रकाठी दुआर्ननेच्या बंदरावर आमची घरं एकाच गल्लीत होती. तिची आई पेरीन काकू आणि माझी आई एकाच कारखान्यात तारल्यांची मुंडकी छाटायच्या. बारा वर्षांच्या झालो तशा आम्हीही त्याच टेबलाशी उभ्या राहिलो. म्हणजे मी राहिले. कोरांतीनला माशांच्या वासाने चक्कर यायची. ती चक्करही नेमकी मुकादमीण बघत असतानाच यायची. मग तिच्या वाटचे मासे पेरीन काकू कापायच्या, हूं की चूं न करता. माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अभिनय तोच.

ती सतरा वर्षांची असताना पॅरिसहून एक मंडळी आमच्या धक्क्यावर मुका सिनेमा काढायला आली. त्यांना गर्दीत उभ्या करायला पोरी हव्या होत्या. कोरांतीन उंच होती, डोळे राखाडी, आणि तिला उन्हाकडे बघताना पापणी न हलवता उभं राहता यायचं. तिसऱ्या आठवड्यात मंडळी परत गेली ती तिला घेऊनच. पेरीन काकूंनी वाटेत खायला लोणी लावलेली भाकर फडक्यात बांधून दिली होती. ती भाकर मला स्टेशनच्या बाकावर सापडली.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. सिनेमा बोलायला लागला होता आणि बाईसाहेबांच्या बोलण्याला आमच्या ब्रेतन भाषेचा हेल होता. दातांत बूच धरून शुद्ध उच्चार शिकत होती बिचारी. 'विश्वासाचं माणूस हवंय, कपडे सांभाळशील का?' असं तिने लिहिलं होतं. माणूस खरं तर शिव्या द्यायला हवं होतं. दिवसभर शुद्ध बोलून जीभ आंबली की ती दार लावून घ्यायची आणि आमच्या भाषेत सगळ्या स्टुडिओचा उद्धार करायची. तो अर्धा तास ती मला आवडायची.

तोवर वर्तमानपत्रांत तिचं चरित्र छापून आलं होतं. वडील आरमारात कप्तान, दूरच्या समुद्रात बुडाले. आई बाळंतपणात गेली. लहानगी कोरीन एका गढीत नन्सच्या छायेत वाढली.

"अगं, आईला मारून टाकलंस तू?" मी विचारलं.

"मेलेल्या आईची लोकांना दया येते," ती नखं रंगवत म्हणाली. "आणि तिला कुठे वाचता येतं?"

वडील खरंच बुडाले होते म्हणा. बंदरातच, दारू पिऊन, धक्क्याची पायरी चुकून.

छत्तीस साली पेरीन काकू न कळवता पॅरिसला आल्या. डोक्यावर आमच्याकडची घट्ट पांढरी लेसची टोपी, पायांत लाकडी जोडे, हातात विणलेल्या मोज्यांची पिशवी. दरवानाने त्यांना नोकरांच्या जिन्याने वर पाठवलं. दिवाणखान्यात एक निर्माता बसला होता. कोरीनचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच.

"ही माझी धोबीण," ती त्याला हसत म्हणाली. "खेड्यातली आहे, कुठूनही आत शिरते."

काकूंनी लेकीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "हिचे कपडे मी हिच्या जन्मापासून धुतेय. फार घाण करायची."

निर्माता खो खो हसला. काकू स्वयंपाकघरात माझ्यासोबत सूप प्यायल्या आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. मोजे कोरीनने मला देऊन टाकले. मी ते वापरले. उबदार होते.

मग लढाई आली, जर्मन आले. कोरीनचं काम एक दिवसही थांबलं नाही. जर्मनांच्या पैशावर चालणारी एक कंपनी निघाली होती, तिच्यात ती राजकन्या, सरदारकन्या असलं काहीबाही करत होती. जर्मनांच्या सिनेमा खात्यातला एक गृहस्थ घरी जेवायला यायचा. त्याला फ्रेंच कविता पाठ होत्या. तो म्हणायचा आणि ही ओठ किंचित उघडे ठेवून ऐकायची. शहरात लोक सलगम उकडून खात होते तेव्हा आमच्याकडे कोंबडी होती. मीही खाल्ली. ते लपवणार नाही.

कोरीनचं एक गुपित होतं. तिचे केस विरळ होते. पडद्यावर लोकांनी ज्या केसांवर जीव टाकला ते सगळे साम्युएल झिल्बर नावाच्या कारागिराच्या हातचे टोप. झिल्बर मूळचा पोलंडचा, ज्यू. ज्यूंविरुद्धचा कायदा आला तसं स्टुडिओने त्याला काढून टाकलं, पण कोरीनचे टोप तो घरून करून देत राहिला. बेचाळीसच्या जुलैत पोलीस ज्यूंना घराघरांतून उचलू लागले. त्याची बहीण आणि दोन भाच्या त्या सकाळी गेल्या. तो केस विकत आणायला बाहेर पडला होता म्हणून वाचला. मी त्याला नोकरांच्या जिन्याने वर आणलं. सहाव्या मजल्यावर छपराखाली माझी खोली होती. तिच्यात त्याला ठेवलं.

कोरीनला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिने कळलंच नाही असं दाखवलं, कारण टोप वेळेवर येत होते. असे चार महिने गेले. मग तो कवितावाला गृहस्थ रोजच येऊ लागला आणि तिला भीती वाटायला लागली.

एका सकाळी ती माझ्या खोलीपर्यंत चढून आली. त्या जिन्याला तिचे पाय कधी लागले नव्हते.

"याला घालव," ती मला म्हणाली. झिल्बर समोर बसलेला होता, तरी. "हे घर माझ्या नावावर आहे. मला गोळी घालतील."

"कुठे घालवू, मादाम?" एरवी मी तिला अगं-तुगं करायची. रागावले की मादाम म्हणायची.

"ते तुझं तू बघ. गुरुवारपर्यंत." ती वळली आणि दारात थांबली. "पण तो बदामी टोप तेवढा पुरा करून घे. सोमवारी चित्रण आहे."

झिल्बरने मान खाली घातली आणि सुई पुन्हा हातात घेतली. त्याने तो टोप बुधवारी पुरा केला. असा सुबक टोप त्याने पूर्वी कधी केला नव्हता. मला त्याचाही राग आला.

"तिच्या तोंडावर फेकायचा होता," मी म्हणाले.

"केस कुणा गरीब बाईने विकलेले आहेत," तो म्हणाला. "तिच्या केसांचे हाल कशाला करू?"

गुरुवारी त्याच्या जबड्याला पट्टी बांधली, म्हणजे त्याला बोलावं लागू नये, आणि भाऊ म्हणून आगगाडीत बसवला. किनारपट्टीवर परवान्याशिवाय जाता येत नसे, म्हणून कँपेरला उतरलो आणि पुढे माझ्या चुलत्याच्या बटाट्यांच्या गाडीतून, पोत्यांखाली. मला जायला एकच घर ठाऊक होतं. जगाच्या दृष्टीने जी बाई बाळंतपणात मेली होती तिचं.

पेरीन काकूंनी दार उघडलं.

"कोण हा?"

"केसांचे टोप करतो, काकू. ज्यू आहे. मागावर आहेत."

"जेवलाय का?"

त्यांनी एवढंच विचारलं. त्यानंतर पावणेदोन वर्षं झिल्बर त्यांच्या माळ्यावर राहिला. वर निळी जाळी रचून ठेवलेली असायची. एकेक केस गुंफणारी त्याची बोटं आठवडाभरात जाळ्याच्या गाठी शिकली. 'काकूंचं जाळं असं नवं कसं दिसतं' म्हणून शेजारपाजारचे फाटकी जाळी त्यांच्याकडे टाकू लागले. ती कोण दुरुस्त करतं हे गल्लीत बहुतेकांना ठाऊक असावं. कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

मी पॅरिसला परतले. का परतले हे मला अनेकांनी विचारलं आहे. मला तीस वर्षं पूर्ण होत होती, हातात दुसरं कसब नव्हतं, आणि तिचा तिरस्कार करण्याची मला सवय जडली होती. तिरस्कारावरही माणूस पोट भरतं.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जर्मन गेले आणि सप्टेंबरात, जर्मनांसाठी काम केलं म्हणून, कोरीनला उचललं. तीन आठवडे कोठडीत ठेवून सोडलं, पण चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. तुरुंग नाहीतर कामावर जन्मभराची बंदी. बाहेर आली ती वाळून गेलेली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"मारीव्हॉन," ती म्हणाली, "तो टोपवाला जिवंत आहे का गं?"

मला तिच्या कानाखाली वाजवायची होती. त्याऐवजी मी तिकिटं काढली.

पूल उडवलेले होते. पोचायला दोन दिवस लागले. काकू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या, झिल्बर चुलीपाशी बसला होता. आता त्याला माळ्यावर राहायची गरज नव्हती, पण जायला घर नव्हतं. कोरीन दारातच गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. ग्लिसरीन नव्हतं, तरी पाणी आलं. भीतीने येतं.

"आई, मला वाचव."

"ऊठ. फरशी ओली आहे," काकू म्हणाल्या.

"मस्यू झिल्बरनी एवढंच लिहून द्यायचंय की मी त्यांना तुझ्याकडे पाठवलं."

"तू पाठवलंस?"

कोरीनने डोक्याच्या फडक्याच्या टोकाने डोळे पुसले.

"मी विचारतेय. तू पाठवलंस का?"

"घर माझंच होतं ना, आई! चार महिने माझ्याच घरात नव्हते का ते?"

मी म्हणाले, "आणि घालवलं कुणी?"

"तू मध्ये बोलू नकोस! मोलकरीण आहेस तू!"

काकूंनी सुरी खाली ठेवली.

"या घरात मोलकरीण कोणी नाही," त्या म्हणाल्या. "धोबीण आहे एक."

त्यांनी हात पुसले. मग काकू झिल्बरकडे वळल्या.

"साम्युएल, मला लिहिता येत नाही. नाहीतर मीच खरडलं असतं. ही माझी मुलगी आहे. वेडी आहे, भित्री आहे, पण दुसरी नाही मला. खोटं लिहू नकोस. खरं आहे तेवढ्यातून हिला पुरेल असं काही निघतं का बघ."

झिल्बरने कागद मागितला. त्याने लिहिलं: 'नोव्हेंबर बेचाळीसपर्यंत चार महिने मी मादाम कोरीन द मेर्वाल यांच्या घरात राहिलो. त्यानंतर मुक्ततेपर्यंत त्यांच्या आईच्या घरी.' एकही शब्द खोटा नव्हता. कोरीनने तो कागद छातीशी धरला आणि आईचं चुंबन घ्यायला वाकली. काकू बटाट्यांकडे वळल्या होत्या.

पुढच्या मेमध्ये झिल्बरला बहिणीचं आणि भाच्यांचं कळलं. कोणी परतणार नव्हतं. "आज तो कागद लिहिला नसता," तो मला म्हणाला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

समितीने कोरीनला सोडून दिलं. तेवढ्यावर ती थांबली असती तर मी आज गप्प बसले असते. पण वर्तमानपत्रांना तिने सांगितलं की तिने एका ज्यू कारागिराला वाचवलं, आणि आई मेली असं जगाला सांगितलं ते आईच्या घराकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून! आईला तिने मारलं होतं एकतीस साली. तेव्हा जर्मन त्यांच्या देशात होते. ही साधी वजाबाकी एकाही पत्रकाराला करता आली नाही. पहिल्या पानावर फोटो आला: पांढऱ्या टोपीतल्या काकू आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलेली कोरीन. ओठ मिटलेले.

दोन वर्षांनी त्याच कथेवर सिनेमा निघाला. कोळ्याची विधवा एका फरारी माणसाला लपवते. विधवा अर्थात कोरीन. चित्रणाला सगळी वरात आमच्या धक्क्यावर आली. काकूंची सणाची टोपी तिने मागून नेली, ती परत दिली नाही. तारल्या कापायचं दृश्य होतं. काकू तिला शिकवायला बसल्या: अंगठ्याने दाबायचं, सुरी तिरकी, मुंडक्यासकट आतडं एका ओढीत बाहेर. कोरीनने एक मासा उचलला आणि तिला चक्कर आली. छत्तीस वर्षांच्या घोडीला, तीच जुनी चक्कर!

शेवटी दिग्दर्शक मला म्हणाला, "तुम्ही कापता?" पडद्यावर जे हात दिसतात ते माझे. एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं की या अभिनेत्रीच्या हातांना कष्टाची भाषा कळते. त्या सिनेमासाठी तिला पदक मिळालं. ते घ्यायला जाताना तिच्या हातमोज्यांची बटणं मी लावली.

सिनेमा दुआर्ननेला लागला तेव्हा मी काकूंना घेऊन गेले. थिएटरात सगळ्या कारखान्यातल्या बायका. हात दिसले मात्र, मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, अंगठ्यावरचा व्रण बघा! ही तर आपली मारीव्हॉन!" आणि सगळं थिएटर हसायला लागलं. पुढे पडद्यावर जर्मन आले, गोळ्या सुटल्या, विधवा रडली, आमच्या बायका हसतच होत्या. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मी काकूंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बघत होत्या.

बाहेर आल्यावर त्या माझ्या दंडाला धरून हळूहळू चालल्या.

"मी एवढी बोलत नाही गं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण विहिरीवरून येताना ती कशी चालली, पाहिलंस? डावा पाय जरा ओढून? तशी मी चालते."

"हो, काकू."

"म्हणजे लहानपणी बघायची ती माझ्याकडे. मला वाटायचं, बघतच नाही."

त्यांचा चेहरा उजळला होता. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. तिच्याबद्दल मला जेवढा तिरस्कार होता त्यातला चिमूटभरही या बाईच्या पदरात टाकायची माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर ती चाल अचूक होती. दोन चेहऱ्यांच्या त्या बाईने आईची चाल मात्र चोरून जपून ठेवली होती.

पॅरिसला गेल्यावर मी कामाला रामराम ठोकला.

"जाशील कुठे?" कोरीन म्हणाली.

"झिल्बरने टोपांचं दुकान काढलंय. त्याला माणूस हवंय."

"त्या म्हाताऱ्याशी लग्न करणार?"

"करीनही."

"माझ्याशिवाय कोण आहेस तू, मारीव्हॉन?"

"दोन हात," मी म्हणाले. "पदक मिळालेले."

झिल्बरशी मी लग्न केलं. चांगलं चाललं. त्रेपन्न साली काकू गेल्या तेव्हा कोरीन रोममध्ये चित्रणात होती. तिने माणसाएवढं उंच पुष्पचक्र पाठवलं. त्याच्या रेशमी पट्टीवर 'द मेर्वाल' असं सोनेरी अक्षरांत होतं. काकूंचं नाव नव्हतं. पट्टी मी कापून टाकली, फुलं राहू दिली.

पुढे नव्या दमाचे दिग्दर्शक आले. त्यांना रस्त्यावरचे चेहरे हवे होते, खानदानी नकोत. कोरीन आधी मावश्या झाली, मग आज्या, मग दूरदर्शनवर मुलाखती देणारी बाई. दर मुलाखतीत तिने वाचवलेल्या ज्यूंची संख्या वाढायची. एकाचे तीन झाले. एकदा सात झाले तेव्हा झिल्बर उठला, संच बंद केला आणि म्हणाला, "बाकीचे सहा जण कुठे झोपायचे गं? मला तर माळ्यावर पाय पसरता येत नव्हते."

शहात्तर साली दुआर्ननेच्या नगरपालिकेचं पत्र दुकानावर आलं. युद्धात माणसं लपवणाऱ्यांच्या नावाने गल्लीत पाटी लावायची होती आणि वाचलेल्या माणसाची जबानी हवी होती. मादाम द मेर्वाल यांचं नाव कोणीतरी सुचवलं होतं. झिल्बर तेव्हा पंच्याहत्तरचा होता. त्याने चष्मा लावून दोन पानं लिहिली. तारखा, माळा, जाळी, बटाट्यांची गाडी. शेवटी लिहिलं की पाटीवर एकच नाव यावं: पेरीन केमेनेर.

नगरपालिकेने ते मानलं. आणि पाटीचं उद्घाटन करायला, रीतच आहे, मयताच्या एकुलत्या एक मुलीला बोलावलं.

आली. फरचा कोट, काळा चष्मा, मागे दोन फोटोवाले. पाटीवरचा पडदा तिने अशा नजाकतीने ओढला की महापौर टाळ्या वाजवायच्या आधी क्षणभर बघतच राहिला. ती वीस मिनिटं बोलली. 'आई आणि मी' असं ती सारखं म्हणत होती. आई आणि मी ठरवलं, आई आणि मी घाबरलो नाही. मधोमध गळा भरून आला, नेमका जितका यायला हवा तितका, आणि या खेपेला डोळ्यांत कोणी काही सोडलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी बाई रडायला शिकली होती. गर्दीतल्या तरुण पोरी नाकं पुसत होत्या. कारखान्यातल्या आम्ही उरलेल्या चार म्हाताऱ्या कोरड्या उभ्या.

मग ती गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आली. चष्मा काढला. जवळून ती फार थकलेली दिसत होती.

"कशी झाले?" तिने ब्रेतनमध्ये विचारलं. प्रत्येक चित्रणानंतर ती हेच विचारायची.

माझ्याकडे त्या वेळी तीस वर्षं साठवलेली उत्तरं होती. एकेक घासून धार लावून ठेवलेलं.

"छान झालीस," मी म्हणाले.

तोंडातून तेच निघालं. तिने माझा गाल थोपटला आणि गाडीत जाऊन बसली. झिल्बर माझ्याकडे बघत होता.

"काय?" मी त्याच्यावर खेकसले.

"काही नाही," तो म्हणाला. "चल, पाटी जवळून बघू."

आम्ही जवळ गेलो. केमेनेरचं स्पेलिंग चुकलं होतं, एक अक्षर जास्तीचं कोरलेलं. मी तशीच नगरपालिकेकडे निघाले, झिल्बर काठी टेकत मागून. खिडकी बंद होती, जेवणाची सुट्टी, दोन वाजेपर्यंत. आम्ही पायरीवर बसून राहिलो.